एकट्यानं बोट धक्क्याला लावणं आणि सोडवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं २५ ते ४० फुटांच्या, एक इंजिन आणि एक पंखा (प्रोपेलर) असलेल्या बोटीसाठी आहेत. बोट शिडाची असो की नुसत्या इंजिनाची, धक्क्याजवळ दोन्हींचं वागणं बरंचसं सारखं असतं. दोन इंजिनांच्या बोटीवाल्यांना यातली सुकाणूची कसरत फारशी लागणार नाही, पण दोरांबद्दलचं सगळं लागेल.

एकट्यानं धक्क्याला लागणं सुरक्षित आहे का?

हो, बोट आणि वारा दोन्ही आपल्या आवाक्यातले असतील तर. यात ताकदीचा उपयोग फार थोडा. ३० फुटी शिडाच्या बोटीचं वजन सहज चार-पाच टन भरतं. ती हातापायानं थोपवता येत नाही, आणि थोपवायला गेलं की बोट आणि धक्का यांच्या फटीत हात किंवा पाय सापडतो. वेग दुप्पट झाला की बोट थांबवायला चौपट काम पडतं. वाऱ्याचंही तेच: १० नॉटचा वारा २० नॉट झाला की त्याचा बोटीवरचा दाब चौपट होतो. म्हणून एकट्यानं हळू यायचं आणि कुठला दोर कधी टाकायचा हे मोकळ्या पाण्यातच ठरवून ठेवायचं. धक्का दोन बोटींच्या लांबीएवढा जवळ आल्यानंतर विचार करायला वेळ मिळत नाही.

एकट्याला चारही दोर एकदम कसे बांधता येणार?

येत नाहीत, आणि बांधायचेही नसतात. चार दोर म्हणजे नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा), पिछाडीचा आणि बोटीला पुढे-मागे जाऊ न देणाऱ्या दोन स्प्रिंगा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नवशिका माणूस नाळेवरचा दोर घेऊन पुढे धावतो, तो बांधेपर्यंत पिछाडी वाऱ्यानं बाहेर जाते. मग तो मागे धावतो, तोवर नाळ धक्क्यावर आपटते.

एकट्या माणसाला सुरुवातीला एकच दोर लागतो, बोटीच्या मध्यावरच्या क्लीटपासून (दोर गुंडाळायच्या दोन शिंगांच्या खुंट्यापासून) मागच्या दिशेनं धक्क्यावर जाणारा. याला मधली स्प्रिंग म्हणतात. धक्क्यावरची जी क्लीट किंवा बोलार्ड (दोर बांधायचा जाड, बुटका खांब) तुमच्या कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या जागेच्या शेजारी येते, तिच्यात या दोराचा फास अडकवायचा. मग इंजिन पुढच्या गिअरमध्ये, अगदी मंद चालीवर, आणि सुकाणूचं चाक धक्क्यापासून उलट्या बाजूला फिरवलेलं. धक्का डावीकडे असेल तर चाक उजवीकडे. चाकाऐवजी टिलर (सुकाणूचा हातात धरायचा दांडा) असेल तर तो धक्क्याच्या बाजूला ढकलायचा, कारण टिलर उलटा चालतो.

आता काय होतं ते पाहा. बोट पुढे जायला बघते, पण दोर तिला मागे आणि धक्क्याकडे ओढतो. नाळ त्यामुळे आत वळू लागते. तेवढ्यात पंख्याचं पाणी वळवलेल्या सुकाणूवर आदळतं आणि पिछाडीलाही धक्क्याकडे ढकलतं. दोन्ही जोर एकमेकांना तोलतात आणि बोट आडवी सरकत धक्क्याला चिकटते. इंजिन त्याच गिअरमध्ये चालू असेपर्यंत ती तिथेच राहते. खुंटीला बांधलेली म्हैस पुढे ओढ घेत उभी राहावी, तशी. यानंतर बाकीचे तीन दोर बांधायला तुम्हाला हवा तेवढा वेळ आहे.

हा एक दोर नीट जमला की एकट्यानं धक्क्याला लागण्यातली बहुतेक भीती जाते, हे मी अगदी मनापासून सांगतो. बाकी सगळी तंत्रं याच्या अवतीभवतीची आहेत.

मधल्या स्प्रिंगची लांबी किती ठेवायची?

फास मधल्या क्लीटपासून कॉकपिटच्या मागच्या कडेपर्यंत पोचेल एवढी. जास्त लांब ठेवली तर दोर ताणला जायच्या आत बोट बरीच पुढे जाईल, आणि पुढे दुसऱ्या कोणाची बोट उभी असेल. फार आखूड ठेवली तर फास क्लीटपर्यंत पोचणारच नाही.

याहून चांगली सोय म्हणजे लांबी आधी पक्की न करणं. मधल्या क्लीटजवळ एक ब्लॉक (कप्पी) लावा आणि दोर त्यातून मागे कॉकपिटमधल्या विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या चरखीवर) घ्या. फास धक्क्यावर पडला की ढील विंचवर ओढून घ्यायची, आणि सुकाणूजवळून न हलता लांबी ठरवायची. दोर मात्र कठड्याच्या बाहेरून, कशातही न अडकता गेला पाहिजे. धक्क्याकडे निघण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवून बघा. कठड्याच्या आतून गेलेला दोर ताणला की कठड्याचा खांब वाकतो, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या बोटीला मध्ये क्लीटच नाही. मग?

जुन्या शिडाच्या बोटींत हे बऱ्याचदा दिसतं. पुढच्या शिडाच्या दोरासाठी बाजूला रूळ असेल तर त्यावरच्या मजबूत सरकत्या ब्लॉकमधून दोर नेता येतो. डेकच्या कडेला भोकं असलेली ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर तिच्यात चांगल्या प्रतीचा शॅकल (खिळीनं बंद होणारी धातूची कडी) आणि ब्लॉक बसतो. कठड्याच्या खांबाला बांधू नका. ते खांब माणसाला आधार द्यायला असतात, पाच टनांची बोट रोखायला नाही.

जागा नेमकी मध्यावर नसली तरी चालतं, पण परिणाम माहीत असू द्या. दोर मध्याच्या फार पुढून निघाला तर नाळ धक्क्यावर खेचली जाते आणि पिछाडी सुटते. फार मागून निघाला तर उलट होतं, नाळ बाहेर फिरते. थोडाफार फरक सुकाणूनं भरून काढता येतो. मोकळ्या दिवशी अर्धा-अर्धा फूट जागा बदलून बघा. प्रत्येक बोटीची एक जागा असते जिथे ती सरळ आडवी येते. ती सापडली की तिथे रंगाची खूण करून ठेवा.

फास धक्क्यावर पोचवायचा कसा? उडी मारून?

उडी मारायची नाही. ओल्या फळीवर किंवा शेवाळलेल्या दगडी पायरीवर, हातात दोर घेऊन उडी मारणाऱ्याचा पाय घसरला तर बोट सुकाणूविना आणि माणूस पाण्यात, तोही बोट आणि धक्का यांच्या मध्ये. बोट इतकी जवळ आली पाहिजे की तुम्ही चालत उतराल. त्याआधी उतरायचंच नाही.

पाण्याशी समपातळीत तरंगता धक्का असेल तर बोटहुकच्या टोकानं फास क्लीटवर ठेवता येतो. फास मिटून लोंबकळू नये म्हणून दोराच्या त्या भागावर बागेत पाणी घालायच्या नळीचा मीटरभर तुकडा चढवा; फास तोंड उघडं ठेवून उभा राहतो. स्वस्तातली युक्ती आहे, आणि मी पाहिलेल्या महागड्या हुकांपेक्षा ती बरी चालते.

दुसरी रीत दोर फेकायची. दोराची दोन्ही टोकं बोटीवर बांधा, मधला भाग सैल वेटोळ्यात घ्या, वेटोळं दोन हातांत अर्धं-अर्धं करा आणि हात बाहेरच्या बाजूला उघडत फेका. हवेत मोठं वर्तुळ पसरतं आणि क्लीट किंवा बोलार्डच्या पलीकडे पडतं. मग ढील ओढली की दोर आपोआप अडकतो. यासाठी दोर जड आणि पाण्यात बुडणारा हवा. हलका दोर वाऱ्यावर उडतो. ही फेक आधी घराच्या अंगणात खुर्चीवर करून बघा.

इंजिन गिअरमध्ये ठेवून बोटीवरून उतरायचं, हे धोक्याचं नाही का?

प्रश्न रास्त आहे. उतरण्याआधी मिनिटभर सुकाणूजवळच थांबा. इंजिन मंद चालीवर, चाक फिरवून कुलूप लावलेलं किंवा टिलर दोरीनं बांधलेला. बोट शांत उभी आहे, पुढे-मागे करत नाही, दोर सारखा ताणलेला आहे आणि धक्क्यावरची क्लीट डुगडुगत नाही, एवढं पाहा. मगच पिछाडीचा दोर हातात घेऊन उतरा. तो आधी बांधायचा, कारण मधली स्प्रिंग तुटली किंवा निसटली तरी बोट एका टोकाला तरी धरलेली राहते. नंतर नाळेचा. चारही बांधून झाले की मगच इंजिन न्यूट्रलला.

गंजलेल्या कड्यावर किंवा कुजक्या लाकडी खांबावर हा प्रयोग करू नका. आउटबोर्ड मोटर असेल तर किल-कॉर्ड मनगटाला लावून उतरता येत नाही, कारण ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं. तिथे पिछाडीचा दोर बोटीवरूनच हुकनं अडकवायचा आणि मग मोटर थांबवायची.

वारा धक्क्यापासून दूर ढकलत असेल तर?

लागायला हा सगळ्यात अवघड वारा. नेहमी २०-३० अंशांच्या कोनात येत असाल तर आता धक्क्याकडे आणखी मोठ्या कोनात या, किंचित जास्त वेग ठेवा, कारण हळू आलात तर नाळ वाऱ्यानं आधीच वाहून जाईल. शेवटच्या क्षणी वळून बोट समांतर करा, रिव्हर्सचा एक झटका देऊन थांबवा आणि लगेच मधल्या स्प्रिंगचा फास टाका. दुसरा दोर शोधत बसू नका. फास पडला की गिअर पुढे, चाक बाहेर. बोट हळूहळू वाऱ्याविरुद्ध आत येईल. मंद चालीनं येत नसेल तर थ्रॉटल थोडा वाढवा. फास चुकला तर लगेच बाहेर पडा आणि पुन्हा या. दुसऱ्यांदा येणं हे चांगल्या तांडेलाचं लक्षण आहे.

आणि वारा धक्क्याकडे असेल तर?

लागणं सोपं, सुटणं अवघड. धक्क्यापासून अर्ध्या बोटीच्या रुंदीएवढं अंतर ठेवून, समांतर थांबा आणि वाऱ्याला काम करू द्या. फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लोंबकळवायच्या फुगीर गाद्या) भरपूर लावा, बोटीच्या सगळ्यात रुंद भागाशी निदान दोन. एकट्याला फेंडर हातात घेऊन पळता येत नाही, म्हणून नाळेच्या गालाशी आणि पिछाडीच्या कोपऱ्याशीही एकेक आधीच बांधून ठेवा.

कोकण किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात दिवसाचं एक वेळापत्रक असतं: पहाटे-सकाळी जमिनीकडून हलके मतलई वारे, दुपारनंतर वायव्येकडून जोरदार खारे वारे. मांडव्याच्या बाजूला हा दुपारचा वारा किनाऱ्याकडे येतो, गेटवेसमोर तोच जमिनीवरून येतो. नवीन असाल तर सकाळी दहाच्या आत सराव उरका. त्याच धक्क्यावर दुपारी चार वाजता वेगळंच गणित असतं.

वारा आणि प्रवाह वेगवेगळ्या दिशांनी असतील तर कोणाचं ऐकायचं?

धक्क्याला लागताना बहुधा प्रवाहाचं. प्रवाहाला तोंड देऊन आलात तर पाण्यातला वेग कायम राहतो, म्हणून सुकाणू ऐकतं, आणि जमिनीच्या हिशेबानं मात्र बोट जवळजवळ थांबलेली असते. प्रवाहाच्या दिशेनं आलात तर सुकाणू ऐकावं म्हणून वेग ठेवावा लागतो आणि धक्का धावत अंगावर येतो. मांडवीसारख्या नदीत भरती-ओहोटीबरोबर प्रवाहाची दिशा उलटते. सकाळी ज्या बाजूनं लागलात त्याच बाजूनं संध्याकाळी लागायचा हट्ट धरू नका. बांधलेल्या होड्या कुठे तोंड करून उभ्या आहेत आणि बोयाभोवती पाणी कुठून फुटतंय, ते आधी बघून घ्या.

रिव्हर्स टाकला की पिछाडी एका बाजूला का जाते?

पंख्यामुळे. बहुतेक पंखे पुढच्या गिअरमध्ये मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात. रिव्हर्समध्ये उलटे फिरताना ते पिछाडी डावीकडे ओढतात. शिवाय रिव्हर्सला पंख्याचं पाणी सुकाणूवर न जाता पुढे फेकलं जातं, म्हणून बोटीला मागे वेग येईपर्यंत सुकाणू ऐकत नाही. अशा बोटीनं डावी बाजू धक्क्याला लावणं फायद्याचं: थांबायला रिव्हर्स दिला की पिछाडी आपोआप आत येते. उजवी बाजू लावायची असेल तर रिव्हर्स कमीत कमी वापरावा. तुमचा पंखा कुठल्या बाजूचा आहे ते धक्क्याला बांधलेले असताना रिव्हर्स देऊन पाहा. ज्या बाजूला पाणी जास्त खळखळतं, तिच्या उलट बाजूला पिछाडी जाते.

धक्क्यावरचे लोक मदतीला येतात तेव्हा काय सांगायचं?

मदत प्रेमानं येते आणि पुष्कळदा घोटाळा करते. माणूस नाळेचा दोर पकडतो आणि जीव खाऊन ओढतो. नाळ आत, पिछाडी बाहेर, आणि तुमची सगळी तयारी वाया. म्हणून नाळेचा दोर कुणाच्या हातात देऊच नका. मधल्या स्प्रिंगचा फास द्या आणि एकच वाक्य मोठ्यानं, स्पष्ट सांगा: "दादा, हा फास त्या क्लीटमध्ये घाला आणि सोडून द्या, ओढू नका." बहुतेक लोक ऐकतात. ओढू लागलेच तर तुमच्या बाजूनं थोडी ढील द्या. ताण नाहीसा झाला की ओढणं थांबतं.

बांधून झाल्यावर दोर किती सैल ठेवायचे? पाणी उतरल्यावर बोट लटकणार नाही का?

तरंगता धक्का असेल तर हा प्रश्नच नाही, धक्का बोटीबरोबर वर-खाली होतो. पक्क्या दगडी किंवा काँक्रीटच्या धक्क्याला मात्र नीट हिशेब करावा लागतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. कोचीला हाच फरक मीटरभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून बोळगट्टी बेटावरच्या मरीनातली सवय मुंबईत चालत नाही.

उत्तर सैल दोरात नाही, लांब दोरात आहे. समजा भरतीला बोटीची आणि धक्क्याची क्लीट एका पातळीत आहेत आणि पाणी चार मीटर उतरणार आहे. दोर चार मीटर लांब असेल तर ओहोटीला त्याला साधारण ५.७ मीटर लागतील, म्हणजे १.७ मीटर कमी पडतील. तोच दोर धक्क्यावर १२ मीटर दूर नेऊन बांधला तर लागतील १२.६५ मीटर, कमी पडतं फक्त ६५ सेंटिमीटर. एवढी ढील देऊन ठेवली तरी बोट फार भटकत नाही. म्हणून नाळेचे आणि पिछाडीचे दोर शक्य तितके लांब न्या, दोन्ही स्प्रिंगा बोटीच्या लांबीएवढ्या ठेवा, आणि पक्क्या धक्क्याला एकट्यानं बोट बांधून भरती-ओहोटीच्या पूर्ण फेऱ्यात निघून जाऊ नका.

दोर कोणता घ्यायचा आणि किती जाड?

नायलॉनचा. तो ताणतो आणि झटके गिळतो. स्प्रिंगसाठी पॉलिएस्टरही चालतो, तो कमी ताणतो. ३० फुटांपर्यंतच्या बोटीला १२ मिलिमीटर, ४० फुटांपर्यंत १४ ते १६ मिलिमीटर. मासेमारीच्या दुकानात मिळणारा निळा-हिरवा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण तो पाण्यावर तरंगतो आणि थेट पंख्यात जातो. उन्हानंही लवकर कुजतो. घासणाऱ्या जागी जुन्या अग्निशामक नळीचा किंवा जाड कापडाचा तुकडा चढवा.

दोर हाताला गुंडाळून धरू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे विसरतात. बोटीचा ताण आला की आधी क्लीटच्या बुडाशी एक पूर्ण वेढा घ्या. घर्षणच पाच टन धरून ठेवतं, बोटांना फक्त टोक सांभाळायचं असतं.

सुटताना एकट्यानं दोर कसे सोडायचे?

लागण्याची उलट क्रिया. आधी वारा आणि प्रवाह बघा आणि कुठले दोर सैल आहेत ते ओळखा. जे काम करत नाहीत ते आधी सोडायचे, बोट ज्याच्यावर उभी आहे तो सगळ्यात शेवटी.

शेवटचा दोर दुहेरी करा. एक टोक बोटीच्या मधल्या क्लीटला, तिथून मागे कॉकपिटशेजारच्या धक्क्यावरच्या क्लीटला वळसा, आणि दुसरं टोक परत बोटीवर. इंजिन मंद चालीवर पुढच्या गिअरमध्ये, चाक बाहेर. बोट याच एका दोरावर धक्क्याला चिकटून उभी राहिली की नाळेचा आणि पिछाडीचा दोर उतरून निवांत सोडा, गुंडाळून बोटीवर टाका, चढा. श्वास घ्या. आता न्यूट्रल, मोकळं टोक सोडा आणि दुसऱ्या टोकानं सावकाश, सलग ओढत दोर आत घ्या. झटका देऊ नका. झटक्यानं टोक उडून कशाला तरी वेढा घालतं. मोकळ्या टोकाला गाठ, फास किंवा जाड शिवण अजिबात नको. सगळा दोर डेकवर आल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.

बोट ताणाखाली असताना बोलाइनची (न सरकणाऱ्या फासाची) गाठ सुटत नाही. म्हणून शेवटच्या दोराचं बोटीवरचं टोक नेहमी क्लीटवर किंवा विंचवर असावं, गाठीनं नाही.

वाऱ्यानं धक्क्याला दाबून ठेवलंय. बाहेर कसं पडायचं?

इथे स्प्रिंग दुसऱ्या बाजूनं वापरायची. दोन रीती आहेत.

पहिली, पिछाडी बाहेर काढायची. नाळेवरून मागच्या दिशेनं, धक्क्यावर साधारण बोटीच्या मध्यासमोर दोर न्या, क्लीटला वळसा घालून परत नाळेवर आणा आणि तिथून डेकवरून कॉकपिटमध्ये. थेट धक्क्यावरून कॉकपिटमध्ये आणू नका, नाहीतर हाच दोर पिछाडीला बांधून ठेवेल. याला बोटीच्या अडीच-तीनपट लांबीचा दोर लागतो. नाळेच्या गालाशी सगळ्यात मोठा फेंडर लावा. आता पुढचा गिअर, मंद चाल, चाक या वेळी धक्क्याकडे. नाळ फेंडरवर टेकते आणि पिछाडी वाऱ्याविरुद्ध बाहेर फिरते. घाई करू नका. वारा जोरात असेल तर ४५ अंशांहून जास्त फिरू द्या. मग न्यूट्रल, कॉकपिटमधलं टोक सोडा, रिव्हर्स, आणि ठामपणे मागे या. दोर बोटीच्या पुढे पाण्यात राहतो, पंख्यापासून दूर. तो आत ओढेपर्यंत पुढचा गिअर टाकू नका.

दुसरी, नाळ बाहेर काढायची. पिछाडीच्या क्लीटपासून पुढच्या दिशेनं धक्क्यावर दुहेरी दोर, इंजिन रिव्हर्समध्ये. पिछाडी फेंडरवर टेकते, नाळ बाहेर येते. दोन्ही टोकं कॉकपिटजवळच असतात, म्हणून एकट्याला ही सोयीची. पण दोर पंख्याच्या शेजारी सुटतो, आणि जोराचा वारा नाळेला पुन्हा आत ढकलतो. हलक्या वाऱ्यात मी दुसरी निवडतो, जोराच्या वाऱ्यात नेहमी पहिली.

गेटवेसमोर बोट बोयाला बांधलेली असते. तिथे धक्काच नाही, मग?

मुंबईतल्या बऱ्याच याटवाल्यांचं रोजचं काम हेच आहे. नाळेवर जाऊन हुकनं बोया पकडायचा म्हटलं तर सुकाणू सोडावं लागतं, आणि उंच नाळेवरून बोया दिसतही नाही. त्यापेक्षा नाळेच्या क्लीटला एक लांब दोर बांधा, तो सगळ्या कठड्याबाहेरून मागे कॉकपिटजवळ आणून ठेवा. प्रवाह किंवा वारा यांतल्या जोरकसाला तोंड देत या, बोया बोटीच्या मध्याशी आला की थांबा, दोराचं टोक त्याच्या कड्यातून ओवा किंवा त्याच्या पट्ट्यावर फास टाका, आणि टोक घेऊन चालत नाळेवर जा. बोट मागे सरकत आपोआप बोयावर लागते. गिअर तेवढा वेळ न्यूट्रलला. शेजारून फेऱ्या मारणाऱ्या लाँचच्या लाटा येतात, म्हणून एक हात नेहमी बोटीला धरलेला.

ग्रीस-क्रोएशियात बोट भाड्यानं घेतली तर तिथे पिछाडी धक्क्याला लावतात. एकट्याला जमेल?

जमेल, पण वाऱ्याच्या बाजूचा पिछाडीचा दोर आधी. तो अडकला की मंद चालीनं पुढचा गिअर. बोट त्या दोरावर ताणून सरळ उभी राहते. मग धक्क्यावरून येणारी, तळाला बांधलेली नाळेची दोरी उचला आणि पुढे नेऊन ताणा. ती उचलायला घेण्याआधी मात्र गिअर न्यूट्रलला; ती दोरी पाण्यात सैल असताना पंखा फिरवायचा नाही.

बो थ्रस्टर (नाळेला आडवं ढकलणारा छोटा पंखा) असेल तर एवढं शिकायची गरज आहे का?

आहे. तो विजेवर चालतो, तापला की बंद पडतो, आणि जोराच्या वाऱ्यात अपुरा पडतो.

एकट्यानं जगप्रदक्षिणा करणाऱ्यांना हे सगळं लागतं का?

कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेली ही ५६ फुटी बोट. त्यांनी फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन असे चार मुक्काम केले. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवरून मुंबईहून निघून मुंबईलाच, कुठेही न थांबता, परतले; वाटेत धक्क्याचा प्रश्नच आला नाही. एवढ्या मोठ्या बोटीनं बंदरात शिरायचं असेल तर व्हीएचएफ रेडिओवरून आधी कळवून दोर घ्यायला माणसं मागवावीत. त्यात काही कमीपणा नाही. पण माणूस येईपर्यंत बोट धरून ठेवायची रीत आपल्याला यायला हवी.

सराव कसा करायचा?

आधी सोबत कुणीतरी असू द्या, पण त्यानं हात न लावता बसावं. वारा नसलेल्या सकाळी, रिकाम्या तरंगत्या धक्क्याला, फक्त मधली स्प्रिंग टाकून बोट धरायची आणि सोडायची. तेच पुन्हा दुसऱ्या बाजूनं. बोट इंजिनावर चिकटून उभी असताना चाक थोडं-थोडं फिरवून नाळ आणि पिछाडी कशी सरकते ते बघा. यातून जे कळतं ते वाचून कळत नाही.

एकटा असताना पाण्यात पडलो तर?

लाइफजॅकेट धक्क्याजवळही घातलेलं असावं. बांधताना आणि सोडताना पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी बोटीला हवी आणि ती खालून ओढून उघडता आली पाहिजे, कारण वर येऊन ती उघडून देणारं कुणी नसतं. पंखा फिरत असेल तर पिछाडीपासून लांब, धक्क्याच्या पायरीकडे किंवा शिडीकडे पोहा. बोट वाहून गेली तरी जाऊ द्या. अंगावर पाण्यात न बिघडणारा छोटा व्हीएचएफ ठेवा, चॅनेल १६ (आणीबाणीच्या हाकेचा) लावलेला. फोन चालत असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आहे, आणि तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.